इम्युनोथेरपीच्या रुग्णांसाठीचे ‘गट टेस्ट’ पॅकेज: काय घ्यावे, काय घेऊ नये

कॅन्सरवर इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कामाला लावणारी औषधे, सुरू करायची असे डॉक्टरांनी सांगितले, की घरातले कोणीतरी मोबाइलवर शोधायला बसते आणि लगेच ‘गट हेल्थ’च्या (इथे ‘गट’ हा आतड्यासाठीचा इंग्रजी शब्द) जाहिराती दिसू लागतात. पोटातले जिवाणू चांगले असतील तरच औषध लागू पडते, म्हणून आधी शौचाची तपासणी करा, मग आमच्या कॅप्सूलने जिवाणू सुधारा, असा त्यांचा सूर असतो. पॅकेजमध्ये चार गोष्टी येतात: घरी नमुना घेण्याचे किट, ‘स्कोअर’ असलेला रिपोर्ट, दोन-तीन महिन्यांच्या प्रोबायोटिक (जिवंत, उपयोगी म्हणून दिलेल्या जंतूंच्या) कॅप्सूल आणि आहारतज्ज्ञाचा फोन. साधे किट काही हजारांत मिळते, कॅप्सूल आणि सल्ला जोडला की आकडा बराच वर जातो.

निकाल आधीच सांगतो. किट चांगले बनवलेले असते. रिपोर्टचा उपचार ठरवायला आज उपयोग नाही. कॅप्सूल इम्युनोथेरपी चालू असताना स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. फोनवरच्या सल्ल्यातला फायबरचा भाग खरा आहे, पण तो आपल्या शाळूच्या भाकरीत आहे. आणि ज्या गोष्टीने बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणीकडच्या रुग्णाचा खरा फायदा किंवा तोटा होऊ शकतो, ती या पेटीत नसतेच. तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिले आहे. कंपन्यांची नावे दिलेली नाहीत, कारण अशा पॅकेजांची बांधणी सगळीकडे जवळपास सारखीच आहे.

दाव्यामागचे विज्ञान

मूळ दावा हवेतला नाही, हे आधी मान्य करायला हवे. आपल्या प्रतिकारशक्तीतल्या लढाऊ टी-पेशींवर पीडी-१ आणि सीटीएलए-४ नावाचे ब्रेक असतात. कॅन्सरच्या गाठी पीडी-१ चा ब्रेक दाबून टी-पेशींना जागच्या जागी थांबवतात. निव्होलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब ही औषधे तो ब्रेक दाबू देत नाहीत. इपिलिमुमॅब सीटीएलए-४ वर काम करते. या दोन ब्रेकवरच्या कामासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चे वैद्यकाचे नोबेल मिळाले. पण ब्रेक सुटला तरी पुढे सरकायला टी-पेशी तयार असाव्या लागतात, आणि त्यांना तयार करण्यात आतड्यातल्या जिवाणूंचा मोठा हात असतो. काही जिवाणूंमुळे टी-पेशींना शत्रूची ओळख करून देणाऱ्या डेंड्रिटिक पेशी जास्त चेततात. काही जिवाणू फायबर आंबवून ब्युटिरेटसारखी आम्ले बनवतात.

२०१५ मध्ये फ्रान्सच्या गुस्ताव्ह रूसी संस्थेतल्या लॉरन्स झिट्व्होगेल यांच्या गटाने दाखवले, की पोटात एकही जिवाणू नसलेल्या उंदरांमध्ये सीटीएलए-४ चे औषध चालत नाही आणि ठरावीक बॅक्टेरॉइड्स जिवाणू पोटात सोडले की चालू लागते. त्याच वर्षी शिकागोच्या थॉमस गॅजेव्स्की यांच्या गटाने बिफिडोबॅक्टेरियमबद्दल तसेच काहीसे दाखवले. २०१८ च्या सुरुवातीला माणसांवरचे तीन अभ्यास एकाच वेळी आले आणि विषय जगभर गाजला. जाहिरातींमध्ये याच तिघांचा उल्लेख असतो. मात्र तिघांच्या याद्या वेगवेगळ्या निघाल्या, हे तिथे लिहिलेले नसते. झिट्व्होगेल यांना फुप्फुस आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांत ॲकरमॅन्सिया म्युसिनिफिला ठळक दिसला. अमेरिकेतल्या एमडी अँडरसन कॅन्सर केंद्राच्या जेनिफर वॉर्गो यांना मेलॅनोमाच्या (त्वचेच्या एका कॅन्सरच्या) रुग्णांत फिकॅलिबॅक्टेरियम आणि एकूण विविधता महत्त्वाची वाटली. गॅजेव्स्की यांच्या यादीत बिफिडोबॅक्टेरियम लाँगम वर होता. २०२२ मध्ये ब्रिटन, नेदरलँड्स आणि स्पेनमधले मेलॅनोमाचे पाच रुग्णगट एकत्र तपासले, तेव्हा औषध लागू पडलेल्या रुग्णांत सगळीकडे सारखा सापडेल असा एकही जिवाणू मिळाला नाही. म्हणजे संबंध खरा आहे, पण ‘हा जिवाणू असेल तर औषध चालेल’ असे एका रुग्णाला सांगण्याइतका तो पक्का नाही.

दुसरी अडचण आपल्या भागाची आहे. हा बहुतेक पुरावा मेलॅनोमा, फुप्फुस आणि मूत्रपिंडाच्या कॅन्सरमधला, तोही युरोप-अमेरिकेतल्या रुग्णांचा आहे. निपाणीच्या तंबाखूपट्ट्यात आपल्यासमोर येतो तो तोंडाचा आणि घशाचा कॅन्सर. तिथे मुंबईच्या टाटा मेमोरियलने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासामुळे इम्युनोथेरपी सामान्य घरांच्या आवाक्यात येऊ लागली: दर तीन आठवड्यांना फक्त २० मिलीग्रॅम निव्होलुमॅब, सोबत मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि अर्लोटिनिब या गोळ्या. निव्होलुमॅबशिवाय एका वर्षानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्के होते, निव्होलुमॅब जोडल्यावर ४३.४ टक्के. नेहमीच्या डोसच्या मानाने ही मात्रा फारच कमी आहे. मेलॅनोमाच्या पूर्ण डोसवर बेतलेला जिवाणूंचा स्कोअर तोंडाच्या कॅन्सरच्या कमी डोसला जशाच्या तसा लावायला काहीच आधार नाही.

किट

पेटीत साधारणपणे शौचकुपावर अंथरायचा कागद, झाकणाला चमचा असलेली नळी, नळीत नमुना टिकवणारे द्रावण, दोन पिशव्या, हातमोजे, बारकोड आणि परतीचे पाकीट असते. यात सगळ्यात मोलाचे ते द्रावण. आतड्यातले बहुतेक उपयोगी जिवाणू हवेत मरतात, तर ई. कोलायसारखे हवा सहन करणारे जिवाणू उघड्या नमुन्यात काही तासांत वाढतात. द्रावण नमुना आहे त्या स्थितीत थांबवते. द्रावण नसलेली, नुसती डबी पाठवणारी स्वस्त किटे मिळाली तर ती घेऊच नयेत. अथणी किंवा खानापूरकडच्या गावातून नमुना बेळगावला, तिथून बेंगळुरू किंवा मुंबईच्या लॅबला पोहोचेपर्यंत दोन-तीन दिवस सहज जातात. एप्रिल-मेच्या उन्हात कुरिअरच्या गाडीत पडलेल्या कोरड्या डबीतून जे निघेल ते पोटातले चित्र नसेल.

कागद कमोडच्या मापाचा असतो. ज्या घरात बैठा संडास आहे तिथे तो बसत नाही आणि नमुना पाण्यात पडतो. अशा वेळी खाली कोरडी, स्वच्छ, वापरून टाकण्याची ताटली ठेवावी. लघवी आधी करून घ्यावी, कारण लघवी किंवा पाणी मिसळले की नमुना बिघडतो. चमच्याने घ्यायचे ते वाटाण्याएवढे, तेही दोन-तीन ठिकाणांहून थोडे थोडे. पृष्ठभागाच्या आणि आतल्या भागातल्या जिवाणूंत फरक असतो. जास्त भरले तर फायदा काहीच नाही. द्रावण त्याला पुरत नाही, आत गोळा तसाच राहतो आणि लॅब ‘नमुना अयोग्य’ म्हणून परत करते. झाकण घट्ट लावून गोळा पूर्ण विरघळेपर्यंत नळी हलवावी. शुक्रवार-शनिवारी नमुना देऊ नये, रविवार गोदामात जातो.

सगळ्यात मोठी चूक वेळेची होते. जुलाब चालू असताना घेतलेला नमुना पोटाची नेहमीची स्थिती दाखवत नाही. शौच पातळ की घट्ट यावरच जिवाणूंच्या विविधतेचा आकडा बराच हलतो. कोलोनोस्कोपीच्या तयारीसाठी पोट साफ केल्यानंतर किंवा अँटिबायोटिकच्या कोर्सनंतर लगेच घेतलेल्या नमुन्याचेही तसेच. किटच्या फॉर्ममध्ये हे प्रश्न असतात, पण ‘घेतले होते’ असे लिहिले तरी नमुना थांबवला जात नाही, फक्त बारीक अक्षरात सूचना येते. बिल आधीच झालेले असते.

रिपोर्ट

वीस-तीस पानांची पीडीएफ, लाल-पिवळ्या-हिरव्या पट्ट्या, शेकड्यात आकडे. भाषा इंग्रजी. घरच्यांना त्यातला फक्त लाल रंग समजतो आणि जेवण गोड लागेनासे होते. म्हणून तो कसा वाचायचा ते पाहू.

पहिल्या पानावरची पद्धत बघा. ‘१६एस’ लिहिले असेल तर जिवाणूंच्या एकाच जनुकाचा तुकडा वाचलेला आहे. त्यातून गण (जवळच्या जातींचा समूह) कळतो, जात मात्र खात्रीने कळत नाही. संशोधनात मात्र वजन जातीला, कित्येकदा त्यातल्या विशिष्ट स्ट्रेनला (जातीतल्या उपप्रकाराला) असते. म्हणजे १६एस रिपोर्टमध्ये ‘बिफिडोबॅक्टेरियम २ टक्के’ दिसले तरी त्यातला लाँगम किती हे सांगता येत नाही. ‘शॉटगन’ लिहिले असेल तर सगळा डीएनए वाचलेला असतो, जात कळते, आणि किंमतही त्याप्रमाणे असते.

मग आकड्यांचे स्वरूप. सगळे आकडे प्रमाणात असतात, एकूण संख्येत नसतात. एक जिवाणू वाढला की बाकीच्यांचे टक्के आपोआप घटतात, ते खरोखर कमी झालेले असोत वा नसोत. ‘तुमचा ॲकरमॅन्सिया कमी’ या ओळीमागे एवढेही कारण असू शकते. ॲकरमॅन्सियाचे तर आणखी वेगळे आहे. तो अजिबात नसणे वाईट, थोडा असणे चांगले, पण फार जास्त असणेही वाईट, असे फुप्फुसाच्या रुग्णांवरच्या २०२२ च्या अभ्यासात दिसले. रंगाच्या पट्टीत जितके जास्त तितके हिरवे दाखवणारा रिपोर्ट त्या अभ्यासाच्या विरुद्ध बोलतो.

तुलना कोणाशी केली, हा प्रश्न कंपनीला फोन करून विचारायलाच हवा. धान्य-कडधान्यांवर जगणाऱ्या भारतीय माणसाच्या आतड्यात प्रेव्होटेला हा जिवाणू मोठ्या प्रमाणात असतो. पाश्चात्य लोकांच्या सरासरीशी ताडले तर तो ‘असंतुलन’ म्हणून लाल येतो. येळ्ळूर किंवा संकेश्वरच्या माणसाचे पोट त्याच्या रोजच्या जेवणाला साजेसेच असते, त्याला आजार म्हणायचे कारण नाही. लॅबला एनएबीएल (लॅबचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता आहे एवढे उत्तर पुरेसे नाही. ही विशिष्ट तपासणी त्या मान्यतेच्या यादीत आहे का, ते विचारा. रक्ताच्या साखरेसाठी मिळालेली मान्यता जिवाणूंच्या स्कोअरला लागू होत नाही.

आणि शेवटी कसोटी एकच: रिपोर्ट लाल आला म्हणून कोणी इम्युनोथेरपी थांबवणार आहे का? नाही. हिरवा आला म्हणून डोस कमी करणार आहे का? तेही नाही. २०२४ मध्ये फ्रेंच गटाने ‘टोपोस्कोअर’ नावाची, जिवाणूंच्या दोन गटांच्या तुलनेवर आधारलेली पद्धत मांडली, ती या क्षेत्रातली गंभीर पायरी आहे. पण तीही अजून संशोधनाच्या अंगणात आहे. निर्णय न बदलणाऱ्या तपासणीवर हजारो रुपये घालणे, ज्या घरात पुढच्या इंजेक्शनची जुळवाजुळव चालू आहे तिथे, आम्हाला पटत नाही.

कॅप्सूल

या पेटीतला सगळ्यात वादाचा भाग हाच. एमडी अँडरसनच्या गटाने २०२१ मध्ये मेलॅनोमाच्या रुग्णांचा आहार तपासला. ज्या १२८ जणांची माहिती होती, त्यांपैकी दिवसाला किमान २० ग्रॅम फायबर खाणाऱ्यांत आजार जास्त काळ आटोक्यात राहिला. दुकानी प्रोबायोटिक घेणाऱ्यांना त्याचा फायदा दिसला नाही; सगळ्यात चांगले निकाल फायबर पुरेसे आणि प्रोबायोटिक नाही, अशा रुग्णांचे होते. त्याच अभ्यासात उंदरांना प्रोबायोटिक दिल्यावर इम्युनोथेरपीचा परिणाम घटला. इस्रायलच्या वाइझमन संस्थेने २०१८ मध्ये निरोगी लोकांवर पाहिले, की अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक दिले तर माणसाचे मूळ जिवाणू परत यायला उलट जास्त वेळ लागतो. कॅप्सूलमधले मोजके लॅक्टोबॅसिलस जागा धरून बसतात आणि हवी असलेली विविधता मागे पडते.

विक्रेते एका अभ्यासाकडे बोट दाखवतात, त्याबद्दल स्पष्ट सांगायला हवे. मूत्रपिंडाच्या कॅन्सरमध्ये इपिलिमुमॅब-निव्होलुमॅबसोबत सीबीएम-५८८ हा क्लॉस्ट्रिडियम ब्युटिरिकमचा एक स्ट्रेन दिल्यावर आजार वाढण्यापूर्वीचा काळ २.५ महिन्यांवरून १२.७ महिन्यांवर गेला, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. आकडे मोठे आहेत, पण रुग्ण जेमतेम तीस होते, औषध कोणाला मिळते हे सर्वांना माहीत होते, आणि अभ्यास मुळात ज्या मोजमापासाठी आखला होता ते, म्हणजे बिफिडोबॅक्टेरियममधली वाढ, हाती लागलेच नाही. आशा वाटावी असे हे काम आहे. पण तो एक स्ट्रेन आहे. पेटीतल्या ‘१२ स्ट्रेन, ५० अब्ज’ मिश्रणाशी त्याचा संबंध नाही.

तरीही कॅप्सूल हातात असेल तर लेबल वाचा. गण आणि जातीच्या पुढे स्ट्रेनची अक्षरे-आकडे नसतील तर आत नेमके काय आहे हे कोणालाच सांगता येणार नाही. जिवाणूंची संख्या उत्पादनाच्या दिवशीची आहे की मुदत संपेपर्यंतची, ते बघा. २ ते ८ अंशांत ठेवा असे लिहिले असेल आणि पेटी उन्हातून कुरिअरने आली असेल, तर बरेच जिवाणू वाटेतच मेलेले असतात. बॅसिलस क्लॉसीच्या पाच मिलीच्या कुप्यांना ही अडचण नाही, तो बीजाणू आहे, उन्हात टिकतो. पण टिकतो म्हणजे इम्युनोथेरपीला मदत करतो असे नाही.

सगळ्यात सावध राहायचे ते सॅकरोमायसिस बुलार्डीपासून. तो जिवाणू नाही, यीस्ट आहे. ज्यांना केमोपोर्ट किंवा पिकलाइन (औषधासाठी मोठ्या शिरेत ठेवलेली नळी) बसवलेली आहे त्यांच्यात हे यीस्ट रक्तात शिरल्याच्या घटना जगभर नोंदल्या गेल्या आहेत, आणि कॅप्सूल उघडताना हाताला लागलेली पूड नळीच्या तोंडाला लागणे हा त्याचा एक मार्ग आहे. अशा रुग्णाच्या खोलीत ही कॅप्सूल उघडूसुद्धा नये. केमो सोबत चालू असेल आणि पांढऱ्या पेशी खाली असतील तर कुठलेच जिवंत जंतूंचे औषध डॉक्टरांना न विचारता नको. उकळलेल्या दुधाचे घरचे ताजे दही, ताक हे अन्न आहे. पांढऱ्या पेशी ठीक असताना ते बंद करायची गरज नाही.

आहाराचा फोन

इथे एक गुण द्यावाच लागेल: फायबर वाढवा हा सल्ला बरोबर आहे. फक्त किन्वा, केल, ॲव्होकॅडो अशी यादी आली तर ती बाजूला ठेवा. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे १० ग्रॅम फायबर असते, नाचणी आणि बाजरीत ११ च्या आसपास, तर पांढऱ्या तांदळात तीनपेक्षा कमी. अख्ख्या हरभऱ्यात २५, अख्ख्या मुगात १७, जवसात २६, पेरूत ८, रताळ्यात ४. साठ ग्रॅम पिठाची शाळूची भाकरी धरली तर दिवसाला दोन भाकऱ्यांत १२ ग्रॅम होतात. तीस ग्रॅम हरभरे भिजवून उसळ केली की ७ ग्रॅम. वर एक पेरू किंवा बेळगावच्या बाजारातली शंभर-दीडशे ग्रॅम उकडलेली रताळी घेतली, की २० चा टप्पा ओलांडला. आपल्याकडे आजारी माणसाला ‘हलके’ म्हणून दोन्ही वेळ मऊ भात आणि डाळीचे पाणी दिले जाते, तिथे हाच आकडा पाच-सहावर येतो. वीस हजारांच्या पॅकेजपेक्षा भात-भाकरीची ही अदलाबदल जास्त काम करते.

वाढवायचे ते हळू, आठवड्याला पाच ग्रॅमच्या हिशेबाने, आणि पाणी सोबत वाढवून. एकदम वाढवले तर पोट फुगते आणि रुग्ण सगळेच सोडून देतो. तोंड दोन बोटेही उघडत नाही अशांना भाकरी चालणार नाही. त्यांना शाळूची किंवा नाचणीची आंबील, घोटलेले मुगाचे कढण, मोसंबीच्या रसाऐवजी गाळून घेतलेला पेरूचा गर द्यावा. नाकातल्या किंवा पोटातल्या नळीने अन्न जात असेल तर आंबील दोनदा बारीक गाळणीतून काढावी. भरड पिठाने आणि जवसाच्या पुडीने नळी हमखास तुंबते. प्रत्येक वेळी अन्न दिल्यावर ३०-५० मिली कोमट पाणी सोडावे. आतड्याला अडथळा असेल, नुकतीच पोटाची शस्त्रक्रिया झालेली असेल किंवा जुलाब चालू असतील तर फायबर वाढवायचे नाही, हे फोनवरच्या कितीतरी सल्ल्यांत सांगितले जात नाही.

पेटीत नसलेली गोष्ट

जिवाणूंवर सगळ्यात मोठा घाव घालणारी वस्तू गावातल्या मेडिकलमध्ये विनाचिठ्ठी मिळते. ‘दादा, जुलाब लागल्यात, कायतरी गोळी दे की’ म्हटले की ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडॅझोलची पट्टी हातात येते. सर्दी-तापाला अझिथ्रोमायसिन, लघवीच्या जळजळीला सेफिक्झिम. या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायच्या आहेत, तरी दिल्या जातात.

२०१९ मध्ये लंडनच्या डेव्हिड पिनाटो यांच्या गटाने इम्युनोथेरपीवरचे १९६ रुग्ण तपासले. उपचार सुरू होण्यापूर्वीच्या ३० दिवसांत अँटिबायोटिक घेतलेल्या २९ जणांचा हयात राहण्याचा मध्यम काळ २ महिने निघाला, न घेतलेल्यांचा २६ महिने. उपचार सुरू झाल्यानंतर घेतलेल्या अँटिबायोटिकचा तसा संबंध त्या अभ्यासात दिसला नाही. यात एक सावधगिरी हवी: जे जास्त आजारी होते त्यांनाच अँटिबायोटिक लागले असेल, हे पूर्ण वगळता येत नाही. पण २०२३ मध्ये यामागची एक यंत्रणाही समोर आली. अँटिबायोटिकनंतर आतड्याच्या भिंतीवरचे एमएडीकॅम-१ हे प्रथिन घटते, आणि आतड्यात बांधून ठेवलेल्या, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या टी-पेशी सुटून गाठीत जाऊन बसतात. पहिल्या इंजेक्शनच्या आधीचा महिना म्हणूनच सगळ्यात नाजूक समजावा. त्या महिन्यात दाताचे काम, लघवीचा संसर्ग, खोकला यांसाठी कोणीही अँटिबायोटिक लिहिले तरी कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन करून विचारावे.

याचा उलटा अर्थ कोणी काढू नये. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला, थंडी वाजली, पोर्टभोवती लाली आली तर अँटिबायोटिक लगेच लागते आणि ते नाकारणे जिवावर बेतू शकते. टाळायचे आहे ते विनाकारण घेतलेले.

आम्लपित्ताच्या गोळ्यांचेही थोडेफार असेच. पँटोप्रॅझोल-डोम्पेरिडोन आपल्याकडे रोज सकाळी चहाच्या आधी घेतले जाते, वर्षानुवर्षे. या गटातली औषधे घेणाऱ्यांत इम्युनोथेरपीचे निकाल कमी चांगले आल्याचे काही अभ्यासांत दिसले आहे. स्टिरॉइड किंवा सेलेकॉक्सिब चालू असेल तर जठराच्या रक्षणासाठी ही गोळी लागतेही, म्हणून स्वतः बंद करू नये. पण ती नेमकी कशासाठी चालू आहे हे पुढच्या भेटीत विचारावे. कित्येकदा उत्तर कोणाकडेच नसते आणि गोळी थांबते.

आता जुलाब. इम्युनोथेरपीवरच्या माणसाचे जुलाब हे बाहेरचे खाल्ल्याने झाले असे धरून चालणे धोक्याचे आहे. ब्रेक सुटलेल्या टी-पेशी स्वतःच्याच आतड्यावर चाल करून जातात, त्याला इम्यून कोलायटिस म्हणतात. तो उपचाराच्या पहिल्या काही महिन्यांत जास्त दिसतो, पण इंजेक्शने संपल्यानंतर काही महिन्यांनीही होऊ शकतो. नेहमीपेक्षा दिवसाला चार ते सहा वेळा जास्त जावे लागले तर त्याच दिवशी कॅन्सरच्या डॉक्टरांना कळवावे. सात किंवा त्याहून जास्त, किंवा रक्त-आव, पोटात कळ, ताप असेल तर दवाखान्यात भरती. तिथे आधी संसर्गासाठी शौचाची तपासणी होते आणि मग बहुतेक वेळा स्टिरॉइड सुरू होते. मेडिकलमधली गोळी घेऊन दोन-तीन दिवस घरी काढले तर दुहेरी नुकसान होते: अँटिबायोटिकने जिवाणू जातात आणि कोलायटिस वाढतो, क्वचित आतड्याला भोक पडण्यापर्यंत. लोपेरामाइड या जुलाब थांबवणाऱ्या गोळीनेही जुलाबांची संख्या कमी दिसते, आतली सूज तशीच राहते.

बेळगाव, कोल्हापूर, मिरज, हुबळी किंवा मुंबई, उपचार कुठेही असोत, गावातल्या फॅमिली डॉक्टरांना आणि मेडिकलवाल्याला ‘इम्युनोथेरपी चालू आहे’ हे माहीतच नसते, तिथेच घोळ होतो. औषधाचे नाव, पहिल्या आणि शेवटच्या इंजेक्शनची तारीख आणि कॅन्सर विभागाचा नंबर लिहिलेले एक कार्ड पाकिटात ठेवा. मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्ही लिहा. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात रात्रीच्या ड्युटीवरच्या नर्सला कन्नड पटकन वाचता येईल.

‘विष्ठा-रोपण’ देतो म्हणणाऱ्यांबद्दल

औषध लागू पडलेल्या किंवा निरोगी माणसाची विष्ठा रुग्णाच्या आतड्यात सोडण्याचे प्रयोग झाले आहेत, आणि ते महत्त्वाचे आहेत. २०२१ मध्ये पिट्सबर्गला १५ पैकी ६ आणि इस्रायलला १० पैकी ३ अशा रुग्णांना फायदा झाला, ज्यांच्यावर आधी इम्युनोथेरपी निकामी ठरली होती. कॅनडात २०२३ मध्ये इम्युनोथेरपीला जोडून निरोगी दात्यांची विष्ठा देऊन मेलॅनोमाच्या २० पैकी १३ रुग्णांत गाठी कमी झाल्या. हे सगळे दात्यांची कसून तपासणी करून, संशोधनाच्या चौकटीत झाले. अमेरिकेत २०१९ मध्ये नीट न तपासलेल्या विष्ठेतून औषधांना दाद न देणारा ई. कोलाय दोन रुग्णांत गेला आणि त्यातला एक दगावला. त्यामुळे नोंदणीकृत संशोधनाबाहेर कोणी पैसे घेऊन हे इम्युनोथेरपीसाठी देऊ करत असेल तर सरळ नाही म्हणा.

पेटी आधीच घेतली असेल तर

बारकोड अजून नोंदवला नसेल तर पैसे परत मिळतात का ते आजच विचारा. नमुना लॅबला पोहोचल्यावर तो मार्ग बंद होतो. नमुना गेलाच असेल तर रिपोर्टची प्रत फाइलला लावा, पण त्यावर हाताने तीन गोष्टी लिहा: नमुन्याच्या आधीच्या दोन महिन्यांत घेतलेली सगळी अँटिबायोटिक, आम्लपित्ताच्या गोळ्या, आणि नमुन्याच्या दिवशी शौच पातळ होते की घट्ट. एवढे नसेल तर तो रिपोर्ट कोणालाच वाचता येणार नाही. कॅप्सूलचे खोके न उघडता पुढच्या भेटीला घेऊन जा आणि लेबल डॉक्टरांसमोर ठेवा. दर महिन्याला आपोआप पैसे कापले जाणारी योजना चालू केली असेल तर ती ॲपमधून बंद करा आणि बँकेतही ई-मँडेट रद्द झाले आहे ना ते तपासा. ॲप फोनवरून काढून टाकल्याने कपात थांबत नाही.